हाक मारायचं क्रियापद

आमच्या घरात हळू बोलणं हे आजारपणाचं लक्षण होतं. कुणी हळू बोललं की आई आधी कपाळाला हात लावून बघायची, मग काय होतंय ते विचारायची.

याचं कारण भिंत. भिवंडीत नारपोलीतल्या आमच्या खोलीची मागची भिंत आणि चाचांच्या कारखान्याची पुढची भिंत एकच. पलीकडे कापड विणायचे लूम, अलीकडे आमची फळी, फळीवर ताटं-वाट्या. लूम चालू झाले की वाट्या आपोआप कडेच्या दिशेनं निघायच्या आणि आई येताजाता, न बघता, त्यांना मागे ढकलायची. दुसऱ्यांच्या घरी, जिथे वाट्या जागच्या जागी राहतात, तिथेही तिचा हात फळीकडे जायचा. चाचा म्हणजे कारखान्याचे मालक. बाबा त्यांच्याकडे जॉबर होते, म्हणजे बिघडलेले लूम दुरुस्त करणारे. उभं आयुष्य त्या खडखडाटात गेल्यामुळे बाबांना कमी ऐकू यायचं, पण कारखान्यात सगळे हातवाऱ्यांनीच बोलत, त्यामुळे त्यांचं तिथे काही अडत नव्हतं. घरी मात्र आई हातवारे करायची नाही. ती ओरडायची. आणि मी तिची मुलगी.

गल्लीची एक अडचण होती. लूम चालू असताना जे बोलायचं ते ओरडून, आणि लाइट कधी जाईल ते सांगता येत नाही. लाइट गेली की सगळे लूम एका क्षणात थांबायचे, पण माणसाचं तोंड काही लूम नव्हे. ते हातातलं वाक्य संपवूनच थांबतं. त्यामुळे आमच्या गल्लीत प्रत्येकाचं एखादं तरी वाक्य असं होतं, जे सगळ्यांनी ऐकलेलं होतं. आमचे घरमालक काका इथलेच, मूळचे खाडीकाठचे शेतकरी, जमीन गोदामांना देऊन बरे स्थिरावलेले. एकदा ते स्वयंपाकघरात काकूंशी बोलत असताना लाइट गेली आणि अख्ख्या गल्लीला ऐकू आलं, "तुझा भाऊस जेवतोय किती गो." भाऊ बाहेर ओट्यावर ताट घेऊन बसला होता. त्यानं घास तोंडाजवळ नेला, खाली ठेवला, पुन्हा उचलला. गल्लीनं माना दुसरीकडे वळवल्या. ऐकलेलं न ऐकल्यासारखं करणं ही आमच्याकडची सभ्यता होती, आणि ती सगळ्यांना येत होती.

आणखी एक गोष्ट सगळ्यांना येत होती, ती म्हणजे हाक. लूममध्ये कुणाचा हात अडकला, पट्ट्यात कपडा गेला, तर जवळचा माणूस एका ठरावीक उंच सुरात ओरडायचा, "बंऽऽद." लूमचा आवाज जाडा असतो, ही हाक बारीक. त्यामुळे ती वरून निघून जायची. ज्याला ऐकू आली त्यानं ती तशीच पुढे द्यायची, मेन स्विच खाली ओढायचा आणि पळत सुटायचं. कुठे, काय, कुणाला, हे नंतर. नाक्यावरचा रिक्षावाला काहीही न विचारता रिक्षा चालू करून गल्लीच्या तोंडाशी आणायचा. या हाकेची थट्टा कुणी करत नसे. भांडणातसुद्धा कुणी ती वापरत नसे, आणि आमच्याकडे भांडणात सगळंच वापरलं जायचं.

तर अशा गल्लीतून मी बी.ए. झाले. इतिहास घेऊन. हे मी मोठ्या आवाजात सांगते, कारण माझ्याआधी आमच्या घरातून कॉलेजात गेलेली एकमेव वस्तू म्हणजे बाबांचा पाना. तिथला पंखा दुरुस्त करायला तो गेला होता आणि संध्याकाळी परत आला होता. मी मात्र पूर्ण मुदत राहिले आणि डिग्री घेऊनच बाहेर पडले. तेव्हापासून गल्लीतले सगळे अर्ज माझ्याकडे. गटाराचा अर्ज, रेशनचा अर्ज, नळाचा अर्ज. "विनंती की" हे दोन शब्द मी इतक्या वेळा लिहिलेत की झोपेतही लिहीन.

डिग्रीनंतर काय, हा प्रश्न अंबाडीच्या आत्यानं माझ्यासाठी सोडवून ठेवला होता. तिच्या ओळखीनं तिथल्या बालवाडीत बाईची जागा होती. "तुझ्या आवाजाला बालवाडीच बरी," असं ती म्हणायची. बालवाडीत काही कमीपणा नाही. पण मी रोमन साम्राज्याचा उदय आणि अस्त पाठ केला होता, तो काय 'हाताची घडी तोंडावर बोट' करायला? तेव्हा नव्या मुंबईत परदेशी गिऱ्हाइकांशी बोलायच्या नोकऱ्या निघत होत्या, आणि स्पॅनिश येणाऱ्याला त्या लगेच मिळतात असं कॉलेजच्या फळ्यावर लिहिलेलं होतं. मी ठाण्याला स्पॅनिशचा वर्ग लावला. घरात तह झाला: वर्ग संपेपर्यंत नोकरी लागली तर ठीक, नाही तर जूनपासून अंबाडी. आई म्हणाली, चालेल. बाबांना हे दोनदा ओरडून सांगावं लागलं, मग तेही म्हणाले, चालेल.

वर्गातल्या बाई इतक्या हळू बोलायच्या की पहिल्या आठवड्यात मला वाटलं त्यांना बरं नाही. मी पहिलं वाक्य म्हटलं, "माझं नाव अमुक, मी भिवंडीची," तर पुढच्या बाकावरच्या मुलीनं वही छातीशी धरली. बाईंनी एक बोट कानावर ठेवलं आणि सांगितलं की ही भाषा आहे, भांडण नाही. मी आवाज कमी केला. त्यांनी बोट काढलं नाही. आणखी कमी केला. मला स्वतःला ऐकू येईना तेव्हा कुठे त्या म्हणाल्या, हं, आता जरा बरं.

वर्गाच्या शेवटी प्रत्येकानं एका क्रियापदाची कुळकथा सांगायची होती. ते लॅटिनमधून कसं आलं, वाटेत काय काय गळलं, आज कुठे पोचलं. कुणाला 'खाणं' मिळालं, कुणाला 'झोपणं'. बाईंनी माझ्याकडे बघितलं आणि मला 'ग्रितार' दिलं. ग्रितार म्हणजे ओरडणं. वर्ग हसला. मीही हसले, पण मनात म्हटलं, थांबा.

ती कुळकथा अशी. रोमच्या नागरिकांना 'क्विरितेस' म्हणत. रस्त्यात एखाद्यावर प्रसंग आला, चोर आले, कुणी धरून न्यायला लागलं, तर तो उभ्या जागी नागरिकांना हाक मारायचा. या नागरिकांना हाक मारण्याचं क्रियापद 'क्विरितारे'. लोकांच्या तोंडात झिजत झिजत त्याचं स्पॅनिशमध्ये 'ग्रितार' झालं, तिकडे फ्रेंचमधून इंग्रजीत जाऊन 'क्राय' झालं. म्हणजे ओरडणं हे मुळात असभ्य नव्हतंच. तो नागरिकांमधला व्यवहार होता. बाईंनी मात्र लगेच जोडलं की हे रोमच्या एका जुन्या पंडिताचं म्हणणं, सगळ्यांना मान्य नाही. काहींच्या मते नागरिकांचा काही संबंध नाही, तो शब्द म्हणजे नुसती आवाजाची नक्कल आहे, आणि लॅटिनमध्ये डुकराच्या ओरडण्यालाही जवळजवळ तसाच शब्द होता.

मी नागरिकांच्या बाजूची.

आता हे सगळं स्पॅनिशमध्ये, हळू आवाजात म्हणायचा सराव करायचा होता. वर्गात पास होण्यासाठी नाही फक्त. वर्ग संपता संपता एका कंपनीतून फोनवर मुलाखत होणार होती, आणि तीत आवाज तपासणार होते. नारपोलीत हळू बोलायचं कुठे? लूम बंद असताना. लूम बंद कधी? शुक्रवारी सुट्टीला, आणि रोज दुपारी लोडशेडिंगला. त्या उन्हाळ्यात दुपारी ठरलेल्या वेळी लाइट जायची. अख्खी भिवंडी वीज कार्यालयाला शिव्या घालत असायची, आणि मी एकटी घड्याळाकडे बघत असायचे, कधी जाते म्हणून.

पण लाइट गेली की घरात उकडायचं, म्हणून सगळे बाहेर ओट्यावर येऊन बसायचे. कामगार बनियनवर, काकू पंखा घेऊन, चाचा खुर्ची टाकून. आणि त्या शांततेत आमच्या खिडकीतून माझं स्पॅनिश. पहिल्या दिवशी लोकांनी सभ्यतेनं न ऐकल्यासारखं केलं. दुसऱ्या दिवशी चाचांनी खुर्ची खिडकीकडे वळवली. तिसऱ्या दिवशी काकांनी विचारलं, काय गो पोरी, रोज काय जप करतेस. मी मराठीत सांगितलं. रोम, नागरिक, हाक, सगळं. डुकराचंही सांगितलं, कारण शिकलेल्या माणसानं दोन्ही बाजू मांडाव्यात.

तिथेच गल्ली फुटली. कामगारांना नागरिक पटले. काका डुकराच्या बाजूला गेले. त्यांच्या वडिलांनी खाडीकाठच्या शेतात रानडुकरांविरुद्ध रात्री जागवल्या होत्या आणि डुक्कर कसं ओरडतं हे या गल्लीत त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नाही, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी ते करूनही दाखवलं. काकू पंखा टाकून आत निघून गेल्या. चाचा म्हणाले की दोन्ही खरं असू शकतं, आधी डुक्कर आलं असेल, मग नागरिकांना बोलावलं असेल. यावर बराच वेळ विचार झाला.

आई दारात तांदूळ निवडत होती. तिनं वर न बघता विचारलं, "मग यायचे का?"

"कोण?"

"नागरिक. हाक मारल्यावर यायचे का न्हाय?"

मला माहीत नव्हतं. पुढच्या वेळी ठाण्याला बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, व्युत्पत्ती शब्द कुठून आला ते सांगते, माणसं आली की नाही ते सांगत नाही. मी घरी येऊन तेच सांगितलं. आई म्हणाली, मग अर्धंच शिकवलंन तुला.

मेच्या मध्यावर चाचा आणि काका दोघं एकत्र आमच्याकडे आले. असं सहसा होत नसे. दुपारच्या लोडशेडिंगनं कारखान्यांचं नुकसान होतंय, काकांच्या गोदामातल्या भाडेकरूंची कुरकुर वाढलीय, तर वीज कार्यालयाला निवेदन द्यायचंय, आणि ते मी लिहायचंय. आता माझी पंचाईत बघा. मुलाखतीचा फोन काकांच्या घरी यायचा होता, कारण फोन त्यांच्याकडे, आणि मी कंपनीला वेळ दिली होती ती मुद्दाम दुपारची, लाइट नसण्याची. हे निवेदन मंजूर झालं तर त्या वेळी लूम चालू. पण अर्ज लिहिणारी मी, गल्ली माझ्यावर विसंबून. मी विचार केला, वीज कार्यालयानं आजवर माझा एकही अर्ज मंजूर केलेला नाही. तेव्हा बिनधास्त लिहावा, आणि चांगला लिहावा.

फार चांगला लिहिला. त्यात मी रोम घातलं. प्राचीन रोममध्ये संकटग्रस्त माणूस नागरिकांना हाक मारत असे, आज आम्ही नागरिकच आपल्याला हाक मारत आहोत, तरी विनंती की. वीज कार्यालयातल्या साहेबांनी ते दोनदा वाचलं आणि मान वर करून विचारलं की हे रोमचं काय आहे. मी म्हटलं, संदर्भ आहे. ते म्हणाले, रोम आमच्या कक्षेत येत नाही. मी म्हटलं, नारपोली येते. त्यांनी निवेदनाच्या कोपऱ्यात लाल शाईनं शेरा मारला: "लोडशेडिंगबाबत तपासून कार्यवाही व्हावी. रोमबाबत संबंधित विभागाकडे वर्ग करावे." तो कागद रोमसाठी कुठल्या विभागात गेला मला माहीत नाही. लोडशेडिंगवर मात्र कार्यवाही झाली. दुपारची वेळ काढून पहाटेची दिली. गल्लीत पेढे वाटले. मला दोन मिळाले, अर्ज माझा म्हणून.

मुलाखत त्याच आठवड्यात.

फोन करून वेळ बदलून घ्या, असं कुणीही सांगेल. मी केला. दोनदा कुणी उचलला नाही, तिसऱ्यांदा उचलून ठेवून दिला. चाचांना सांगून तेवढा वेळ लूम थांबवता आले असते. ते मी केलं नाही. ज्या विजेसाठी मी स्वतः अर्ज लिहिला, ती आल्याच्या दुसऱ्या दिवशी बंद करा म्हणायला माझी जीभ रेटेना. माझा मान म्हणा, ताठा म्हणा, जे म्हणायचं ते म्हणा.

काकांचा फोन बिनवायरचा होता, दुपारची लाइट आल्याच्या आनंदात नुकताच आणलेला. गल्लीत पहिला. हातात घेऊन घरभर फिरता यायचं, आणि काका फिरायचे, खिडकीखिडकीतून दिसतील असे. त्या दुपारी काकूंनी वरच्या मजल्यावर त्यांच्या पलंगावर माझी सोय केली. खिडकीला गादी लावली, दाराच्या फटीत साड्या कोंबल्या. एवढं करून लूमचा आवाज जेवढा होता तेवढाच. मग आईनं तोड काढली. तिनं दोन गोधड्या आणल्या, मला पलंगाच्या मधोमध मांडी घालून बसवलं आणि फोनसकट झाकून टाकलं. मे महिना. आत काळोख, नॅप्थलीनचा वास, हातात फोन, आणि बाहेरून आई गोधडीच्या कडा दाबून बसलेली, पापडाचं पीठ झाकल्यासारखी.

फोन वाजला. पलीकडे एक बाई. ती स्पेनची होती की इथलीच, मला अजून ठाऊक नाही. तिनं नाव-गाव विचारलं, मी सांगितलं. शिक्षण विचारलं, ते तर मी न विचारता सांगते. मला वाटत होतं मी हळूच बोलतेय. पण गोधडीतून लूम ऐकू येत होते, आणि लूम ऐकू आले की माझा गळा आपला आपण वर चढतो, त्याला माझी परवानगी लागत नाही. त्या बाईनं शांतपणे विचारलं, "पोर के ग्रिता उस्तेद?"

तुम्ही का ओरडताय?

माझंच क्रियापद. कुळकथा तोंडपाठ, आणि ती सांगायला लागणारी शांतता तेवढी नाही. मला समोर अंबाडी दिसली, बालवाडीची छोटी छोटी बाकं दिसली. मी "उन मोमेंतो" म्हटलं, गोधडी फेकली, आई बाजूला कलंडली, मी खिडकीवरची गादी खाली ओढली आणि बाहेर डोकं काढून ओरडले. मला म्हणायचं होतं, जरा वेळ बंद करा. पण घाईत नेमकं तेवढंच आणि त्याच उंच सुरात बाहेर पडलं.

"बंऽऽद."

खालच्या पानवाल्यानं ती हाक उचलली. त्याच्याकडून चाचांच्या कारखान्यानं, तिथून समोरच्यानं, तिथून पुढच्या गल्लीनं. मी ती जाताना ऐकत होते, एकामागून एक, लांब लांब. आणि तिच्या मागोमाग शांतता येत गेली, कारखान्यामागून कारखाना, थेट धामणकर नाक्याच्या बाजूपर्यंत गेली असावी. इतकी शांतता मी नारपोलीत कामाच्या दिवशी कधी ऐकली नव्हती. मी फोन कानाला लावला. फोनमध्येही तीच शांतता. कुणीतरी घाईत या बिल्डिंगचाही मेन ओढला होता, आणि बिनवायरच्या फोनचा पाया विजेवर चालतो हे आम्हाला त्या दिवशी कळलं.

मग पावलं. जिन्यात, ओट्यावर, गल्लीत, जिकडे तिकडे पळणारी माणसं, किसको लगा, कुणाला लागलं, हात की बोट. कुणी हळद आणलेली, कुणी फाडलेलं धोतर. खाली रिक्षावाला रिक्षा चालू ठेवून उभा. सगळ्यांत पुढे बाबा. त्यांना हाक ऐकू आली नव्हती, पण माणसं पळताना दिसली होती, आणि कुणीतरी काकांच्या खिडकीकडे हात केला होता. ते माझ्यासमोर येऊन उभे राहिले आणि माझी बोटं चाचपायला लागले. एका हाताची झाली, मग दुसऱ्याची. सगळी सापडल्यावर ते पलंगावर बसले.

मला सांगावंच लागलं. मी सांगितलं: नोकरीचा फोन होता, आवाजामुळे ऐकू जात नव्हतं, तो कट झाला. मी मान खाली घातली नाही, पण वरही धरली नाही. खोलीत, जिन्यात, खाली, सगळे उभे होते, आणि ही हाक कशासाठी असते ते प्रत्येकाला माहीत होतं. मागे पुटपुटणं सुरू झालं. तुटलेले धागे जोडायला आता संध्याकाळ जाईल, असं कुणीतरी म्हणालं.

चाचा दाराशी होते, धापा टाकत. ते म्हणाले, "आवाज़ दी, हम आ गए. अब फोन आने तक कोई मेन नहीं चढ़ाएगा."

"पन फोन कसा येल?" काका म्हणाले. "माझा तर मेला."

मग माळ्यावर शोधाशोध झाली आणि काकांचा जुना वायरचा फोन निघाला, डायल फिरवायचा, जो त्यांनी नवा आल्यावर फडक्यात गुंडाळून टाकला होता. बाबांनी खिशातला स्क्रू ड्रायव्हर काढून तो भिंतीला जोडला. फोनमध्ये घुरघुर आली. आम्ही सगळे त्याच्याकडे बघत बसलो. आजारी माणसाच्या उशाशी बसतात तसे. जिन्यात प्रत्येक पायरीवर माणसं. रिक्षावाल्यानं रिक्षा बंद करून वर येऊन विचारलं की पेशंट कुठंय, तर सगळ्यांनी फोनकडे बोट दाखवलं. तो पण बसला.

आणि फोन वाजला.

मी उचलला. बोलायला लागले आणि माझं मलाच नवल वाटलं, कारण कुठेच काही आवाज नव्हता आणि गळा वर चढायला काही कारणच नव्हतं. मी ठाण्याच्या बाईंसारखी बोलत होते. गल्लीनं मला असं बोलताना कधीच ऐकलं नव्हतं. आई हळूच पुढे सरकली आणि माझ्या कपाळाला हात लावून तिनं ताप बघितला.

पलीकडच्या बाईनं विचारलं, मघाचा आवाज कुठे गेला? मी खरं ते सांगितलं. माझं क्रियापद तिनं विचारलंच नव्हतं, तरी मी तेच सांगितलं. की मी ओरडत होते, पण ग्रितार हे मुळात क्विरितारे, आणि मी नागरिकांना हाक मारली. तिनं विचारलं, "इ बिनिएरोन?"

आणि आले का ते?

मी खोलीभर बघितलं. हळद हातात धरलेला माणूस. पलंगावर बाबा. जिन्यातली डोकी. माळ्याच्या शिडीवर अजून तसेच उभे असलेले काका.

"सी," मी म्हटलं. "तोदोस." हो. सगळे.

आईनं खुणेनं विचारलं, काय म्हणतेय. मी खुणेनंच सांगितलं, तू विचारलं होतंस तेच.

निकाल आठवड्यानं आला, त्याच जुन्या फोनवर. नोकरी मिळाली. पण बोलायची नाही. माझं स्पॅनिश चांगलं आहे म्हणाले, पण आवाजाबद्दल एकमत झालं नाही, तेव्हा मला लेखी तक्रारींच्या टेबलावर घेतलं. गिऱ्हाइकं तिकडून लिहिणार, मी इकडून लिहिणार, दिवसभर तोंड बंद. म्हणजे अर्जच. फक्त आता ते स्पॅनिशमध्ये, आणि उत्तर देणारी बाजू माझी. त्या ऑफिसात पुढे मी बरीच वर्षं काढली आणि तिथले लोक मला मितभाषी समजायचे. हे मी घरी सांगितलं तेव्हा बाबांना पुन्हा ओरडून सांगावं लागलं, कारण त्यांना वाटलं त्यांनी चुकीचं ऐकलं.

पण ते नंतरचं. निकालाचा फोन ठेवला तेव्हा दुपार होती आणि लूम पूर्ण जोरात चालू होते. आई खाली नळावर होती. मी काकांच्या खिडकीशी गेले आणि तिला ओरडून सांगितलं की अंबाडी रद्द. आनंदात आवाज किती उंच गेला ते माझ्या लक्षात आलं नाही. गल्लीच्या पलीकडच्या टोकाला शब्द पोचले नाहीत, नुसता सूर पोचला, आणि त्यांनी जे करायचं ते केलं. एकामागून एक कारखाना बंद होत गेला. मी खिडकीतून दोन्ही हात हलवून नाही नाही म्हणत होते. पलीकडून ते, कुणीतरी अडकलंय आणि हात हलवतंय, असं दिसत असावं. पावलं आलीच.

रिक्षावाला या वेळी खाली उतरला नाही. त्यानं इंजिन बंद केलं, वर माझ्याकडे बघितलं, आणि त्या संपूर्ण शांततेत, ओरडायची काही गरज नसल्यामुळे, साध्या आवाजात म्हणाला, "अगली बार अर्जी लिख के देना."